टेल्यूरियमपुढचे प्रश्नचिन्ह

सेंट पीटर्सबर्ग येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिमित्री मेंडेलीव्ह यांनी, तोवर ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडून, १८६९ साली जी आवर्तसारणी प्रसिद्ध केली, तिच्यात टेल्यूरियमच्या नोंदीत १२८ हा अणुभार असून त्यापुढे एक प्रश्नचिन्ह घातलेले आहे. आयोडीनचा अणुभार १२७. तेव्हा ठरविलेल्या नियमाप्रमाणे आयोडीन आधी व टेल्यूरियम मागाहून यावयास हवे होते. परंतु तसे केले असता आयोडीन गंधक व सेलेनियम यांच्या कुळात जाऊन पडते आणि टेल्यूरियमला क्लोरीन-ब्रोमीन यांचे सोबती व्हावे लागते. आयोडीन हायड्रोजनच्या एकाच अणूशी संयोग पावते, टेल्यूरियमला गंधकाप्रमाणेच दोन लागतात. सोडियमशी मिळून आयोडीन जो क्षार देते, तो आपल्या मिठाचा सख्खा भाऊ शोभावा असा असतो. ही कुळे मोडण्यापेक्षा मेंडेलीव्ह यांनी क्रम उलटा ठेवला आणि संशयाचा ठपका तराजूवर ठेवला.

सारणीत न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागांची कीर्ती सर्वतोमुखी आहे, आणि १८७५ साली गॅलियम सापडून त्यांतील एक जागा भरली गेली तेव्हा युरोपातील रसायनज्ञांचा या मांडणीवर विश्वास बसू लागला, हेही खरे. तथापि त्या मोकळ्या जागांपेक्षा हे लहानसे प्रश्नचिन्हच मला अधिक मोलाचे वाटते, कारण स्वतःच घालून दिलेला नियम आणि पदार्थाचा प्रत्यक्ष स्वभाव यांत विरोध आला असता स्वभावाच्या बाजूने निकाल देण्याचे धैर्य त्यात दिसते.

मेंडेलीव्ह यांची अटकळ अशी की, टेल्यूरियमचा अणुभार मोजण्यातच चूक झाली असावी व तो वस्तुतः १२३ ते १२६ यांच्या दरम्यान निघावा. प्राग येथील त्यांचे स्नेही बोहुस्लाव ब्राउनर यांनी हे सिद्ध करण्यासाठी अनेक वर्षे खर्ची घातली. परंतु टेल्यूरियम कितीही शुद्ध करून तोलले तरी आकडा १२७च्या खाली उतरेना. मूळ तर्क चुकला होता. पुढे आर्गॉन व पोटॅशियम, तसेच कोबाल्ट व निकेल, या जोड्यांतही हीच तक्रार उद्भवली.

या प्रकरणाचा उलगडा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी १९१३ व १९१४ या दोन वर्षांत, प्रथम मँचेस्टरला व नंतर ऑक्सफर्डला केला. निरनिराळ्या मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांतून निघणारे क्ष-किरण स्फटिकाच्या साहाय्याने छायाचित्रण-काचेवर टिपले असता, त्या किरणांच्या कंप्रतेचे वर्गमूळ सारणीतील प्रत्येक पावलागणिक सारख्याच प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की, मूलद्रव्याचे स्थान ठरते ते त्याच्या वजनावरून नव्हे, तर अणुकेंद्रातील धन विद्युत्भारावरून. आणि या भाराच्या आकड्याच्या, म्हणजे अणुक्रमांकाच्या, कसोटीवर कोबाल्ट २७, निकेल २८, टेल्यूरियम ५२ व आयोडीन ५३ ठरल्यामुळे मेंडेलीव्ह यांचा क्रम जसाच्या तसा कायम झाला. मेंडेलीव्ह १९०७ सालीच निवर्तले होते. मोझली पहिल्या महायुद्धात लष्करात दाखल झाले आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, गॅलिपोलीच्या रणांगणावर मारले गेले. त्या शतकात विज्ञानाची याहून दुःखद हानी क्वचितच झाली असेल.

वजनाचा घोटाळा का होतो, हे समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या रूपांची) व न्यूट्रॉनची ओळख पटल्यावर कळले. निसर्गात आयोडीन एकाच रूपात आढळते व त्याच्या केंद्रात ७४ न्यूट्रॉन असतात. टेल्यूरियमची रूपे अनेक असली, तरी त्याचा बहुतांश भाग ७६ व ७८ न्यूट्रॉन असणाऱ्या जड समस्थानिकांचा बनलेला असतो. म्हणून केंद्रातील धनभारित प्रोटॉन एकाने कमी असूनही टेल्यूरियमचा सरासरी अणुभार १२७.६ भरतो, आणि आयोडीनचा १२६.९. ब्राउनर यांचा तराजू निर्दोष होता.

मोझली यांच्या मोजणीने आणखी एक काम झाले. क्रमांक पूर्णांकी असल्यामुळे सारणीत नेमक्या कोणत्या जागा रिकाम्या आहेत, हे अंदाजाने नव्हे तर गणतीने सांगता येऊ लागले. ४३, ६१ व ७५ या जागा त्यांनी मोकळ्या दाखविल्या. पैकी ७५वे मूलद्रव्य ऱ्हेनियम जर्मनीत १९२५ साली खनिजांत सापडले. ४३वे, म्हणजे टेक्नेशियम, १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे ओळखले गेले, तेही खाणीतील दगडात नव्हे, तर बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमध्ये भडिमार सोसलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. ६१व्या प्रोमेथियमचा छडा तर अमेरिकेतील ओक रिज येथे, युरेनियमच्या विखंडनातून उरलेल्या द्रव्यांत, १९४५ साली लागला.