प्रतिपिंडांचा आकडा म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे

कोविडच्या काळात अँटिबॉडी तपासून घेण्याची लाटच आली होती. अहवालातला आकडा मोठा असला की घरात निर्धास्तपणा यायचा. काही महिन्यांनी तो उतरला की ‘लस वाया गेली’ अशी हळहळ सुरू व्हायची. साथ ओसरली, पण त्यातून रुजलेल्या समजुती अजून टिकून आहेत. त्या पारखून घ्यायच्या तर अंतोनियो लांझावेक्किया या इटालियन शास्त्रज्ञाचे काम जरूर पाहावे. त्यांचा जन्म १९५१चा. पाविया विद्यापीठात ते डॉक्टर झाले आणि बालरोग व संसर्गजन्य रोगांचे पुढचे शिक्षणही त्यांनी तिथेच घेतले. १९८३पासून ते स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या इम्युनॉलॉजी संस्थेत होते. २०००पासून वीस वर्षे त्यांनी बेलिंझोना येथील जैववैद्यकीय संशोधन संस्था चालवली. माणसाच्या टी पेशी आणि प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय राहिला.

गैरसमज १ : प्रतिकारशक्तीचा अभ्यास उंदरांवरच होऊ शकतो. माणसावर करायचा तर त्याला धोक्यात घालावे लागते.

वस्तुस्थिती : उंदरांनी या शास्त्राला खूप काही दिले आहे. पण माणूस आयुष्यभर वेगवेगळ्या जंतूंना तोंड देतो, लशी घेतो, आणि त्या सगळ्याची नोंद त्याच्या रक्तातल्या पेशींत राहते. ती वाचायला काही नळ्या रक्त पुरते. अडचण होती ती पेशी प्रयोगशाळेत जगवण्याची. टी पेशींना जंतूची पहिली ओळख करून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी रक्तात फारच थोड्या सापडतात. १९९४मध्ये फेदेरिका साल्लुस्तो आणि लांझावेक्किया यांनी रक्तातल्या मोनोसाइट पेशी दोन वाढघटकांत ठेवून त्यांच्यापासून हव्या तितक्या डेंड्रिटिक पेशी तयार करण्याची रीत दाखवली. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांना माणसाची प्रतिकारयंत्रणा माणसाच्याच पेशींत अभ्यासता येऊ लागली.

गैरसमज २ : प्रतिपिंडे वेगळी, टी पेशी वेगळ्या. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : प्रतिपिंडे बनवतात बी पेशी. मात्र बहुतेक प्रथिनांविरुद्ध चांगली, टिकाऊ प्रतिपिंडे बनवायला त्यांना सहायक टी पेशींची मदत लागते. ही मदत नेमक्या योग्य बी पेशीलाच कशी मिळते, हे कोडे होते. लांझावेक्किया यांनी १९८५मध्ये ते सोडवले. त्यासाठी त्यांनी धनुर्वाताच्या लशीतले प्रथिन आणि ते ओळखणाऱ्या मानवी टी व बी पेशी वापरल्या. बी पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या प्रतिपिंडाने ते प्रथिन पकडते, आत ओढून घेते, त्याचे तुकडे करते आणि ते तुकडे टी पेशीसमोर धरते. टी पेशीला तुकडा पटला की ती त्याच बी पेशीला कामाला लावते. प्रथिन अगदी नगण्य प्रमाणात असले तरी हे घडते, कारण बी पेशी ते नेमके वेचून घेते.

बाळांना दिल्या जाणाऱ्या न्यूमोकोकल लशीमागचे तर्कशास्त्र यातून उलगडते. या जंतूच्या बाहेरच्या आवरणात शर्करेच्या साखळ्या असतात. टी पेशींना त्या दिसत नाहीत, म्हणून नुसत्या साखळ्यांची लस दोन वर्षांखालच्या मुलांत नीट काम करत नाही. तीच साखळी प्रथिनाला जोडली की टी पेशींची मदत मिळते आणि तान्ह्या बाळालाही संरक्षण लाभते. एचआयव्हीच्या रुग्णात सीडी४ काउंट, म्हणजे सहायक टी पेशींची संख्या, घसरला की लशींना मिळणारा प्रतिसादही मंदावतो. त्यामागेही हाच दुवा आहे.

गैरसमज ३ : प्रतिपिंडे उतरली म्हणजे प्रतिकारशक्ती संपली.

वस्तुस्थिती : संसर्ग किंवा लस यांनंतर प्रतिपिंडांचा भर येतो आणि तो ओसरतो. हे शरीराचे नेहमीचे चालणे आहे. रक्तातल्या मुख्य प्रतिपिंडांपैकी निम्मी सुमारे तीन आठवड्यांत नाहीशी होतात. अस्थिमज्जेत ठाण मांडून बसलेल्या प्लाझ्मा पेशी त्यांची थोडी भर घालत राहतात. त्याहून मोठा साठा असतो तो स्मृती पेशींचा. तो नेहमीच्या अँटिबॉडी तपासणीत दिसतच नाही.

या स्मृती पेशीही एकाच तऱ्हेच्या नसतात. १९९९मध्ये साल्लुस्तो, लांझावेक्किया आणि सहकाऱ्यांनी स्मृती टी पेशींचे दोन गट वेगळे काढले. पहिला गट लसिका ग्रंथींमध्ये फिरत राहतो आणि गरज पडली की झपाट्याने वाढून मोठी फौज उभी करतो. दुसरा थेट ऊतींकडे जातो आणि जंतू दिसताच लगेच कामाला लागतो. रक्तातले प्रतिपिंड मोजून यांपैकी कशाचाच अंदाज येत नाही.

ही स्मृती किती लांब टिकते? २००३मध्ये सार्स झालेल्या लोकांच्या शरीरात १७ वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सिंगापूरच्या संशोधकांना आढळल्या. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतून वाचलेल्यांचे रक्त ९० वर्षांनी तपासले गेले, तेव्हा त्या विषाणूविरुद्धच्या बी पेशी त्यात अजून फिरत होत्या.

गैरसमज ४ : स्मृती टिकते ना, मग वर्धक डोस कशाला?

वस्तुस्थिती : हे दुसरे टोकही तितकेच चुकीचे. स्मृती पेशींना जागे होऊन प्रतिपिंडे बनवायला काही दिवस लागतात. कावीळ-ब शरीरात हळूहळू पसरते, त्यामुळे तेवढा वेळ मिळतो. म्हणून या लशीचे सगळे डोस झालेल्या निरोगी माणसाची प्रतिपिंडे पुढे उतरली तरी संरक्षण राहते आणि त्याला सहसा वर्धक डोस लागत नाही. धनुर्वाताचे तसे नाही. त्याचे विष इतके जहाल आहे की प्रतिकारयंत्रणेला जाग आणायलाही अपुरी पडेल एवढी मात्रा माणसाचा जीव घेऊ शकते. धनुर्वातातून बरा झालेला माणूससुद्धा त्यापासून सुरक्षित होत नाही, त्याला लस द्यावीच लागते. इथे प्रतिपिंडे रक्तात आधीपासून तयारच हवीत. म्हणून वर्धक डोस कोणत्या आजाराला लागतो, हे त्या आजाराच्या चालीवरून ठरते.

गैरसमज ५ : बऱ्या झालेल्या माणसाचा प्लाझ्मा हेच प्रतिपिंडांचे औषध.

वस्तुस्थिती : २०२०-२१मध्ये प्लाझ्मासाठी नातेवाइकांची किती धावपळ झाली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. भारतातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा अपेक्षित फायदा दिसला नाही आणि मे २०२१मध्ये तो कोविडच्या उपचारांतून वगळण्यात आला. प्लाझ्मात असंख्य प्रतिपिंडे मिसळलेली असतात. त्यांतली विषाणूला रोखणारी किती, हे प्रत्येक दात्यागणिक बदलते.

लांझावेक्किया यांनी वेगळी वाट धरली. बऱ्या झालेल्या माणसाच्या स्मृती बी पेशी घ्यायच्या, एप्स्टाइन-बार विषाणूच्या मदतीने त्या प्रयोगशाळेत वाढत्या ठेवायच्या, त्यांतून सर्वांत प्रभावी प्रतिपिंड शोधायचे आणि तेवढेच औषध म्हणून बनवायचे. ही पद्धत २००४मध्ये सार्सच्या रुग्णांच्या पेशींवर सिद्ध झाली.

तिचे मोठे फळ इबोलात मिळाले. १९९५मध्ये काँगोतल्या किक्विट शहरात इबोलाची भीषण साथ आली होती. तिच्यातून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तातून, संसर्गाला ११ वर्षे झाल्यानंतर, ‘एमएबी-११४’ हे प्रतिपिंड हाती आले. या कामात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक आणि इबोलाशी दशकानुदशके झुंजणारे काँगोचे डॉ. ज्यां-जाक मुयेम्बे यांचाही वाटा होता. २०१८-१९मध्ये काँगोत झालेल्या चाचणीत हे प्रतिपिंड मिळालेल्यांपैकी ३५.१ टक्के रुग्ण दगावले. तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या उपचारात हे प्रमाण ४९.७ टक्के होते. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेने त्याला औषध म्हणून मान्यता दिली.

गैरसमज ६ : एकदा प्रभावी प्रतिपिंड सापडले की ते कायमचे औषध झाले.

वस्तुस्थिती : २००३मध्ये सार्स झालेल्या एका माणसाच्या बी पेशींतून मिळालेले एक प्रतिपिंड कोविडच्या विषाणूलाही अडवत होते. त्यातून सोट्रोविमॅब हे औषध तयार झाले आणि मे २०२१मध्ये अमेरिकेत त्याला आपत्कालीन परवानगी मिळाली. पुढे ओमायक्रॉनचा ‘बीए.२’ हा उपप्रकार पसरला, त्याच्यावर औषधाचा पुरेसा प्रभाव पडेना आणि एप्रिल २०२२मध्ये तिथली परवानगी मागे घेतली गेली. एकच प्रतिपिंड विषाणूच्या एकाच जागेवर बसते, त्यामुळे विषाणू बदलला की ते निष्प्रभ होऊ शकते. टी पेशी विषाणूचे अनेक तुकडे ओळखतात, त्यामुळे त्यांना चुकवणे विषाणूला अवघड जाते.

गैरसमज ७ : प्रतिपिंडाचे इंजेक्शन आणि लस एकच.

वस्तुस्थिती : लस शरीराला शिकवते, पण शिकायला वेळ लागतो. प्रतिपिंडाचे इंजेक्शन आयते संरक्षण देते, पण ते काही काळच टिकते आणि स्मृती मागे ठेवत नाही. पिसाळलेला कुत्रा खोल चावला तर दोन्ही लागतात ते यामुळेच. लशीमुळे प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे आठवडा-दहा दिवस जातात. तोवर रेबीजच्या विषाणूला जखमेतच अडवण्यासाठी तयार प्रतिपिंडे जखमेत व तिच्याभोवती टोचतात. पूर्वी त्यासाठी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडे वापरावी लागत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मासबायोलॉजिक्ससोबत रेबीजविरुद्ध एकच नेमके मानवी प्रतिपिंड विकसित केले आणि २०१७पासून ते भारतात मिळू लागले.

गैरसमज ८ : प्रतिकारशक्ती जितकी वाढवावी तितकी चांगली.

वस्तुस्थिती : अनावर प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. संधिवाताचे काही प्रकार आणि बालवयातला मधुमेह त्यातूनच होतात. तिला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५मध्ये दाखवून दिल्या. २०२५चे वैद्यकाचे नोबेल त्यांना मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले. ‘इम्युनिटी बूस्टर’ अशी जाहिरात असलेली बाटली विकत घेण्याआधी हे आठवावे. निरोगी शरीराला प्रतिकाराचा जोर लागतो, तसा त्यावरचा लगामही लागतो.

वाचकांना विनंती एवढीच : अँटिबॉडीच्या एका अहवालावरून आपली प्रतिकारशक्ती ठरवू नका. मुलांचे लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण करा आणि धनुर्वाताचे वर्धक डोस चुकवू नका. कुत्रा चावला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि लशीबरोबर प्रतिपिंडाच्या इंजेक्शनची गरज आहे का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.