वहीतली कादंबरी आणि माळ्यावरचे गठ्ठे



दिवेलागण झाली, जेवणे उरकली, जनावरांना वैरण टाकून झाली, की तुमच्याही घरात कोणीतरी हळूच वही काढून बसत असेल. कदाचित कॉलेजात शिकणारा मुलगा असेल, कदाचित सातवीपर्यंत शिकलेली सूनबाई असेल, नाहीतर आखाड्यावर रात्री पाणी देता देता बॅटरीच्या उजेडात दोन ओळी लिहिणारे तुम्ही स्वतः असाल. घरचे विचारतात, "काय लिहिता एवढं?" उत्तर मिळते, "काही नाही, असंच." हे 'असंच' पुष्कळदा कादंबरी असते. आजचे हे लिहिणे त्या वहीसाठी आणि ती वही सांभाळणाऱ्या घरासाठी आहे.

मी वसमत तालुक्यातला शेतकरी. आधी माझीच फजिती सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कोरडे वाटणार नाही.

पूर्णेच्या पाटावर शेत असलेल्या दोन भावांची गोष्ट मी चार वर्षे लिहीत होतो. लिहून झाली आणि मला घाई सुटली. एका शहरातल्या प्रकाशकाने आठ दिवसांत कळवले, की कादंबरी उत्तम आहे, फक्त खर्चाचा भार लेखकाने उचलावा. उत्तम हा शब्द वाचला आणि पुढचे वाचायचे राहिले! त्या वर्षी मोंढ्यात हळद विकून आलेल्या पैशातले चाळीस हजार रुपये मी त्यांना दिले. घरात ठरले होते, की त्या पैशातून विहिरीचे राहिलेले बांधकाम करायचे. बायको एवढेच म्हणाली, "अहो, तुमचं पुस्तक त्यांना एवढं आवडलं, तर ते आपल्याला पैसे देतील का आपल्याकडून घेतील?" मला तेव्हा तिचा राग आला.

पाचशे प्रती ठरल्या होत्या, तीनशे आल्या. प्रुफे कोणी तपासलीच नव्हती. पहिल्याच पानावर थोरल्या भावाचे नाव दोन तऱ्हेने छापलेले. साठ-सत्तर प्रती पाहुण्यारावळ्यांना वाटल्या. उरलेले गठ्ठे हळदीच्या पोत्यांशेजारी माळ्यावर जाऊन बसले आणि विहीर आणखी दोन वर्षे तशीच राहिली.

यात दोष नुसता त्या प्रकाशकाचा नव्हता. कादंबरी लिहिणे आणि कादंबरी छापून येणे, या दोन वाटांमध्ये किती चढउतार असतात, हेच मला ठाऊक नव्हते. मोठमोठ्यांनाही ते चुकलेले नाहीत.

नकार कोणाला चुकला?

महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव शेतकऱ्याच्या घरात कोणाला माहीत नाही? १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडले. कमिटीने ते नाकारले. ते नाटक छापून लोकांसमोर आले १९७९ साली. लिहिणारा जाऊन तेव्हा ८९ वर्षे झाली होती! पुढे १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याची सुरवातीची प्रकरणे 'दीनबंधु' पत्रात छापली गेली. पुढची छापायला त्या पत्राचे चालक कचरले, आणि ते पत्र तर जोतीरावांच्याच चळवळीतले होते.

म्हणून वाचकहो, नकाराचे पत्र आले तर वही चुलीत घालू नका. नकाराचा अर्थ लिखाण वाईट असाच होत नाही. चांगलेच आहे असाही होत नाही. त्या दारातून वाट मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या मुलखातले बी. रघुनाथ

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्या जुन्या परभणीचे मोठे कादंबरीकार म्हणजे बी. रघुनाथ, पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३ साली सातोना या गावी. शिक्षण हैद्राबादला मॅट्रिकपर्यंत झाले. पुढे शिकायची ऐपत नव्हती, म्हणून निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी धरली.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. राज्य निजामाचे, सरकारी कारभार उर्दूत, वरचे शिक्षणही उर्दूत. मराठी पुस्तकांचा मोठा बाजार पुण्या-मुंबईला, म्हणजे दुसऱ्याच राज्यात. अशा ठिकाणी राहून दिवसभर खात्याचे हिशेब लिहायचे आणि उरलेल्या वेळात मराठी कादंबरी! तरी या माणसाने कविता लिहिल्या, कथा लिहिल्या आणि 'ओ', 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'जगाला कळले पाहिजे' अशा एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ते नांदेडला वारले. 'आडगावचे चौधरी' ही त्यांची कादंबरी त्यांच्या माघारी निघाली.

त्यांची नोकरी शेवटपर्यंत सुटली नाही आणि लिहिणेही सुटले नाही. आपणही शेती सोडून लेखक होण्याची स्वप्ने पाहू नयेत, आणि शेती आहे म्हणून लिहिणे सोडू नये.

पंधरा दिवसांची गोष्ट

काही जण सांगतात, की भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' पंधरा-सोळा दिवसांत लिहिली. हे खरे आहे. १९६३ साली खानदेशातल्या आपल्या सांगवी गावी बसून, पंचविशीत, त्यांनी ती लिहिली आणि त्याच वर्षी ती प्रसिद्ध झाली. पण त्यामागची पेरणी कोणी सांगत नाही. त्याआधीची कित्येक वर्षे ते वाचत होते, लिहीत होते. शिवाय रा. ज. देशमुखांसारखे प्रकाशक त्यांच्याकडे कादंबरी मागत होते. कापणी पंधरा दिवसांत उरकते हो, पीक काही पंधरा दिवसांत येत नाही.

पुरस्कार मिळाला, पुढे काय?

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात निगडी बुद्रुक नावाचे गाव आहे. तिथल्या गरीब घरातले नवनाथ गोरे शिवाजी विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. झाले. त्यांची 'फेसाटी' कादंबरी २०१७ साली आली आणि २०१८ साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. या पुरस्काराची रक्कम पन्नास हजार रुपये. ते तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवत होते. २०२० साली कोरोनाची टाळेबंदी आली, ते काम थांबले आणि पुरस्कार मिळालेला हा कादंबरीकार शेतमजुरीला गेला. वर्तमानपत्रांत बातमी आल्यावर त्यांना कामासाठी मदतीचे हात पुढे आले.

कादंबरीने मान मिळेल, चार माणसे ओळखतील. पण तिच्या भरवशावर बी-बियाणे घेता येत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी आधीच समजून घ्यावे. मग कोणाचा कोणावर रुसवा राहत नाही.

आता कामाच्या गोष्टी

पहिली गोष्ट : लिहून झाल्यावर वही दोन-तीन महिने बाजूला ठेवा. मग घरात मोठ्याने वाचा. माझी कादंबरी छापून झाल्यावर बायकोने वाचली आणि म्हणाली, "दोघं भाऊ बांधावरून एवढं भांडतात, आणि जावाजावा पुस्तकभर एकदाही बोलत नाहीत. असं कुठं घर असतं का?" माझ्या चार वर्षांच्या कामातली खरी खोट तिने एका वाक्यात दाखवली. तेच पैसे देण्याआधी वाचून दाखवले असते तर!

दुसरी गोष्ट : एकुलती एक वही टपालाने पाठवू नका. सुवाच्य प्रत करा किंवा टाइप करून घ्या. एक प्रत घरी राहिलीच पाहिजे. मोबाईलवर लिहीत असाल तर ते दुसरीकडेही साठवून ठेवा, मोबाईल विहिरीत पडायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट : आधी लहान दार ठोठवा. कादंबरीतले एखादे प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभे राहत असेल, तर ते मासिकाला किंवा दिवाळी अंकाला पाठवा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून किती नवे लेखक त्या दाराने आत आले! त्याच्याही आधी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' 'करमणूक' पत्रातून हप्त्याहप्त्याने आली होती.

चौथी गोष्ट : महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचे एकही पुस्तक निघालेले नाही, अशा लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला मंडळ प्रकाशनासाठी अनुदान देते. त्यात कादंबरीही येते. तज्ज्ञ हस्तलिखित वाचून निवड करतात. पैसे देऊन पुस्तक काढले, की हे दार बंद होते. माझे झाले, तुमचे होऊ देऊ नका.

पाचवी गोष्ट : प्रकाशकाशी करार लेखी करा. किती प्रती, किंमत काय, मानधन किती टक्के, लेखकाला किती प्रती फुकट, हे सगळे कागदावर हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिखाणाचा हक्क लेखकाचा. तो लेखकाच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे राहतो. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. सातबारा जितक्या बारकाईने पाहता, तितक्याच बारकाईने हा कागद पाहा.

सहावी गोष्ट : तरीही स्वतःच पुस्तक काढायचे ठरले, तर दोन-तीन ठिकाणी दर विचारा. साधारणपणे सोळा पानांचा एक फर्मा धरतात, म्हणजे १६० पानांचे पुस्तक दहा फर्म्यांचे. कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी यांचा वेगवेगळा हिशेब मागा. प्रुफे स्वतः वाचा आणि दुसऱ्याकडूनही वाचून घ्या. प्रती थोड्या काढा. आणि पीककर्जाच्या, मुलीच्या फीच्या किंवा विहिरीच्या पैशाला हात लावू नका.

जाता जाता

माझे काय झाले ते सांगतो. मी ती कादंबरी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली. आता त्यात जावा बोलतात, आणि खरे सांगायचे तर भावांपेक्षा जास्त बोलतात. एक प्रकरण एका दिवाळी अंकात कथा म्हणून आले. त्याचे मानधन थोडेसेच होते, पण ते टपालातून घरात आले, घरातून गेले नाही. पूर्ण कादंबरी दोन प्रकाशकांनी परत केली आहे. तिसऱ्याकडे जाऊन पाच महिने झाले, उत्तराची वाट पाहतो आहे. एकाने परत करताना चार ओळी लिहिल्या, की शेवट उरकल्यासारखा वाटतो. विचार केला, खरेच होते, सुधारला.

तेव्हा मंडळी, ज्यांच्या घरात अशी वही असेल त्यांनी लिहिणाऱ्याला हसू नये. एखाद्या रात्री "वाच बघू जरा" एवढे म्हणावे. आणि लिहिणाऱ्याने घरच्यांना न विचारता हळदीच्या पैशाला हात लावू नये. वही टिकते, घाई नसते. पुस्तक दोन वर्षे उशिरा आले तरी चालते, विहीर मात्र वेळेवर झालेली बरी.