मुलीला चित्रकलेत पदवी घ्यायची आहे? मग बारावीच्या निकालाची वाट बघू नका



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपली, वह्या मिटल्या, तरी एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, आमची पोरगी अकरावीला आहे. चित्रकलेचंच कॉलेज करायचं म्हणते. असं कॉलेज असतं का?"

असतं, ताई. पण तिथे जायची वाट आधी माहीत हवी. माझी शाळेतली एक मैत्रीण फार सुंदर चित्रं काढायची. बारावीचा निकाल हातात घेऊन ती चौकशीला गेली, तेव्हा कळलं की प्रवेश परीक्षा होऊन गेलीय. घरचे वर्षभर थांबायला तयार नव्हते. दोन महिन्यांत तिचं लग्न ठरलं. म्हणून हे लिहितेय.

पदवी कोणती?
तिला बी.एफ.ए. म्हणतात. बारावीनंतर चार वर्षं. सरकारी कॉलेजं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट तर १८५७ पासूनचं. याशिवाय अनुदानित आणि खासगी कॉलेजंही आहेत.

प्रवेशाला काय लागतं?
१. बारावी पास. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स काहीही चालतं, पण इंग्रजी विषय हवा. खुल्या गटाला साधारण ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के लागतात.
२. राज्याच्या सीईटी सेलची कलेची वेगळी सीईटी. डॉक्टर-इंजिनिअरवाली नव्हे. तिचा फॉर्म बहुतेक वेळा बारावी बोर्डाच्या धामधुमीतच सुटतो. इथेच आपल्या मुली चुकतात.
३. कागदपत्रं: अधिवास, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तसे जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज टाका.

परीक्षेत काय विचारतात?
वस्तुचित्र, म्हणजे समोर तांब्या, फळं, कापड मांडतात, ते बघून काढायचं. स्मरणचित्र, म्हणजे आठवडी बाजार, एसटी स्टँड असा प्रसंग आठवून काढायचा. संकल्पचित्र, म्हणजे आकार आणि रंगांची नक्षी. शिवाय कलेविषयी सामान्य ज्ञानाचे प्रश्न.

शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनाही हेच विषय असतात. मुलगी आठवी-नववीत असेल तर या परीक्षांना जरूर बसवा. सराव होतो, आणि इंटरमिजिएट पास झाली तर दहावीला वाढीव गुणही मिळतात.

चार वर्षं काय करायचं?
सुरुवातीला सगळ्याचा पाया शिकवतात. मग एक शाखा घ्यायची: रंगचित्र, शिल्प, कापडावरची डिझाईन, उपयोजित कला वगैरे. आपल्या पापडाच्या पाकिटावरचं लेबल असतं ना, ते उपयोजित कलेचं काम. वर्गात रोज हाताने काम करावं लागतं, हजेरी लागते आणि कलेच्या इतिहासाचा लेखी पेपरही असतो. घरी बसून ही पदवी होत नाही.

खर्चाचं काय?
फीसाठी महाडीबीटीवर शिष्यवृत्ती असते. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आपल्या कोर्सला आणि कॉलेजला हे लागू आहे का, ते प्रवेशाआधी विचारून घ्या. रंग, कागद, होस्टेल हा खर्च मात्र खिशातून होतो. त्यासाठी गटाच्या अंतर्गत कर्जाचा विचार आजच करून ठेवा.

त्या ताईंनी शेवटी विचारलं, "चित्रं काढून पोट भरतं का?" खरं सांगते, नोकरी लागेलच असं मी म्हणणार नाही. कलाकार व्हायला पदवीच लागते असंही नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना पदवीशिवायच २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण जाहिरात, पॅकिंग, कापड उद्योगात काम मागायला गेलं की हा कागद उपयोगी पडतो. शाळेत शिकवायचं असेल तर पुढे कलाशिक्षणाची पात्रताही घ्यावी लागते.

तुमच्या गल्लीत अशी चित्रं काढणारी पोरगी असेल, तर पुढच्या बैठकीला तिला घेऊन या. सोबत दहावीचं मार्कशीट आणि तिची चित्रं आणा. फॉर्म भरायला मी बसते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक