उन्हावर बोलणारा रेडिओ

मुलांनो, वादळात वीज गेली, मोबाइलही बंद पडला, तर बातम्या कोण सांगणार? अशा वेळी छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ उपयोगी पडतो. पण त्याचे सेलच संपलेले असले तर? मग मदतीला येतो आपला सूर्य!

ही युक्ती जुनीच आहे बरं का. १९५४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पीअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा सौरघट करून दाखवला. पुढे १७ मार्च १९५८ रोजी 'व्हॅनगार्ड-१' हा जेमतेम दीड किलोचा उपग्रह अवकाशात गेला. त्यात संदेश पाठवणारे दोन प्रक्षेपक होते. एक बॅटरीवरचा, दुसरा सौरघटांवरचा. बॅटरीवाला त्याच वर्षीच्या जूनमध्ये गप्प झाला. उन्हावरचा मात्र १९६४ पर्यंत बोलत राहिला!

आता आपल्या रेडिओकडे वळू. दोन पेन्सिल सेलचा छोटा रेडिओ घ्या. तो थेट सोलर पॅनेलला जोडला, तर ढग आला की आवाज बंद! म्हणून ऊन साठवायचं, पुन्हा चार्ज होणाऱ्या दोन सेलमध्ये. प्रत्येकी १.२, म्हणजे दोघांचे मिळून २.४ व्होल्ट. ते भरायला दाब थोडा जास्त हवा. एक सौरघट साधारण अर्धा व्होल्ट देतो, म्हणून आठ घटांचं, चार व्होल्टचं पॅनेल घ्या. मध्ये एक डायोड जोडा. तो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. तो नसेल, तर रात्री सेलमधली वीज पॅनेलमधून उलटी वाहून जाईल.

थोडं गणित करू या. रेडिओला ३० मिलिअँपिअर लागतात असं धरा. चार तास ऐकला, तर १२० मिलिअँपिअर-तास. पॅनेल ६० मिलिअँपिअरचं असेल, तर चार तासांच्या कडक उन्हात २४० मिळतील. निम्मे वाया गेले तरी हिशेब जुळला!

दोन गोष्टी विसरू नका. घट एकापाठोपाठ जोडलेले असतात, त्यामुळे एकावर जरी सावली पडली तरी सगळा प्रवाह घटतो. आणि साधे सेल कधीही चार्ज करू नका, ते फुटू शकतात. जोडणी करताना आई-बाबांना किंवा ताई-दादाला सोबत घ्या.

पावसाळ्याआधीच सेल भरून ठेवा. मग अंधाऱ्या रात्री अख्खी आळी तुमच्याच घरी बातम्या ऐकायला येईल!