तापलेल्या तेलाची वाट

मोटारीचे इंजिन पाण्याने थंड राहते, एवढे बहुतेक सुशिक्षित घरांत ठाऊक असते. घाटात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी आणि रेडिएटरमधून उसळणारी वाफ हे दृश्य न पाहिलेला प्रवासी विरळाच. परंतु त्याच इंजिनात दुसराही एक द्रव उष्णता वाहून नेत असतो आणि त्याच्या तापाची वार्ता बाहेर कोणास लागत नाही. तो द्रव म्हणजे वंगणाचे तेल. पाणी तापले की वाफेच्या रूपाने बोभाटा करते. तेल मुकाट्याने तापते, पातळ होते, भज्यांच्या कढईतील तेलाप्रमाणे काळवंडते, आणि त्याची तक्रार ऐकू येते ती बेअरिंगच्या खडखडाटातून, म्हणजे वेळ टळून गेल्यावर.

जुन्या गाडीत निराळे इंजिन बसविताना नेमका या मुक्या तेलाचाच विसर पडतो. इंग्लंडमध्ये शेतावरून व डोंगरवाटांवरून फिरणारी लँड रोव्हर ही गाडी 1948 साली प्रथम लोकांपुढे आली. तिच्या तिसऱ्या मालिकेतील गाड्या 1971 ते 1985 या काळात निघाल्या. त्यांपैकी अनेकींत 2286 घनसेंटिमीटरचे, सुमारे 70 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन असे. ते सोशीक खरे, पण पिण्यात हात सैल. पुढे 1989 साली त्याच कारखान्याने डिस्कव्हरी नावाची गाडी काढली आणि तीत ‘200 टीडीआय’ हे 2495 घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन घातले. त्याची शक्ती सुमारे 111 अश्वांची. डिस्कव्हरीचा पत्रा गंजून गेला तरी इंजिन धडधाकट राही. साहजिकच भंगारातील गाडीचे हे काळीज काढून जुन्या लँड रोव्हरमध्ये बसविण्याचा उद्योग हौशी लोकांत रूढ झाला. थोडे भाग बदलले की ते जुन्या गियरबॉक्सला जुळते. अडचण जुळण्याची नसून तापाची आहे.

या इंजिनात टर्बो आहे. बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या झोताने त्याचे चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकते आणि त्याचा आस तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. शिवाय पिस्टनच्या पोटावर खालून तेलाच्या बारीक धारा सोडलेल्या असतात, त्या केवळ त्याचा दाह कमी करण्यासाठी. म्हणजे येथे तेल हे नुसते वंगण नव्हे. अर्धे पाण्याचे काम त्याच्याकडे आहे. जुन्या पेट्रोल इंजिनाचे तेल खालच्या चेंबरला लागणाऱ्या वाऱ्यावर निभावून जाई. या नव्या पाहुण्याचे तेवढ्यावर भागत नाही.

मूळ गाडीत याची तजवीज केलेली असते. तेलाच्या फिल्टरजवळच्या धातूच्या घरातून दोन नळ्या निघून पुढे ऑइल कूलरकडे जातात. जुन्या गाडीच्या रेडिएटरशेजारी अशी सोय नसते. मग कोणी ती दोन तोंडे बुचाने बंद करतो, कोणी आखूड नळीने एकमेकांस जोडून टाकतो. गाडी चालते, म्हणून युक्ती साधली असे वाटते. परंतु त्या घरात उष्णतेने उघडणारी झडप असते. थंडपणी ती तेलाला जवळच्या वाटेने परत पाठविते आणि तापल्यावर कूलरची वाट मोकळी करते. काही झडपांत कूलरची वाट उघडताच जवळची वाट आवळली जाते. अशा ठिकाणी पुढे बूच असले तर तेलाने जावे कोठे? आतील मार्ग डोळ्यांनी पाहिल्यावाचून बूच मारणे धोक्याचे आहे. स्वतंत्र कूलर बसविणे अधिक शहाणपणाचे.

तो बसवावा कोठे, हा पुढला प्रश्न. सडकेवरच्या मोटारीस वेगाचा वारा फुकट मिळतो. आडरानातील गाडी मात्र सर्वांत अधिक राबते ती सर्वांत हळू चालताना: चढणीवर, चिखलात, खालच्या गियरमध्ये. तेथे वारा पंख्यानेच ओढावा लागतो. म्हणून कूलरची जागा पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या समोर. तो खाली बंपराजवळ टांगला तर दगड लागतो आणि पत्र्यांच्या फटींत चिखल थापला जातो. त्याची तोंडे वर किंवा बाजूस असावीत, म्हणजे आत हवा कोंडत नाही. त्याचा आकार फार मोठा घेऊ नये. पाण्याच्या वाट्याचा वारा तो अडवितो.

अतिथंडावाही बरा नव्हे. इंजिनात जळणाबरोबर पाण्याचा अंश निर्माण होतो व थोडा तेलात उतरतो. तेल पुरेसे तापले तरच तो उडून जातो. एरवी आत राळेसारखा गाळ साचतो. इंग्लंडातील हिवाळ्यात हे सहज घडते. सुमारे 80 अंश सेंटिग्रेडपर्यंत तेल कूलरकडे फारसे जाऊ न देणारी झडप म्हणूनच आवश्यक ठरते.

सर्वांत मोठी जोखीम आहे ती नळ्यांची. इंजिन रबराच्या बैठकीवर डोलते, कूलर अंगाला घट्ट जखडलेला असतो. मधली नळी ताठ ओढलेली असेल तर एक ना एक दिवस तुटावयाचीच. या इंजिनात सारे मिळून सुमारे साडेसहा लिटर तेल, आणि ते दाबाखाली फिरते. नळी सुटली तर ते पाहता पाहता रस्त्यावर येते. पाण्याच्या नळीस पुरणारी साधी पट्टी येथे चालत नाही. तेलाची व दाबाची, कारखान्यात टोके दाबून बसविलेली नळीच हवी. ती चेसिसच्या धारेला वा तापलेल्या धूरनळीला घासता कामा नये. आटे जुळतात की नाही हे हाताने फिरवून पाहावे, आणि नट आवळताना दुसऱ्या पान्याने कूलरची मान धरून ठेवावी; ॲल्युमिनियमची मान पिळली गेली की कूलर वाया गेला.

भंगारातील इंजिनाबरोबर त्याचा जुना कूलरही मिळतो, आणि काटकसरी माणसास मोह होतो. परंतु पूर्वी बेअरिंग झिजलेल्या इंजिनाचा तो असेल तर त्याच्या अरुंद घड्यांत धातूचा कीस बसलेला असतो. कितीही धुतला तरी तो सारा निघेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. इतर सर्व भाग जुने वापरले तरी हा एक नवा घ्यावा.

प्रथम सुरू करताना डिझेल बंद ठेवणाऱ्या झडपेची तार काढून इंजिन स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. मग तार जोडून इंजिन चालू करावे, पण वेग चढवू नये. तेल चांगले तापून कूलर हाताला कोमट लागला म्हणजे इंजिन बंद करावे, प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहावा आणि काही मिनिटांनी काडीवर तेलाची पातळी बघावी. कूलर व नळ्या भरल्यामुळे ती उतरलेली असते. तेवढे तेल वरून घालावे.