‘धर्म’, ‘मत’, ‘पंथ’, ‘संप्रदाय’ : समान शब्द, भिन्न व्यवहार

भारतीय भाषांच्या तुलनात्मक अभ्यासात तत्सम शब्दांचा मोठा आधार वाटतो. एखादा संस्कृत शब्द मराठी, हिंदी, गुजराती आणि मलयाळम या चारही भाषांत आढळला, की त्यामागील संकल्पनाही एकच असावी, असे सहज गृहीत धरले जाते. श्रद्धाप्रणालींचा निर्देश करणाऱ्या शब्दांबाबत हे गृहीतक तपासून घेणे आवश्यक आहे. शब्द समाईक असले, तरी प्रत्येक भाषेने आपल्या व्यवहारात त्यांना निराळी जागा दिली आहे.

प्रथम ‘धर्म’ हा शब्द घेऊ. आजच्या मराठीत तो हिंदू, इस्लाम, ख्रिस्ती अशा श्रद्धाप्रणालींचे सामान्यनाम आहे. परंतु ‘शेजारधर्म’ म्हणजे शेजाऱ्यांची श्रद्धा नव्हे. ते शेजाऱ्याप्रती असलेले कर्तव्य होय. ‘गुणधर्म’ हा शब्द पदार्थाच्या स्वभावाचा वाचक आहे; ‘दानधर्म’ आणि ‘धर्मशाळा’ यांत परोपकार अभिप्रेत आहे. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत देवस्थानांबरोबर रुग्णालये व शिक्षणसंस्था चालवणारे न्यासही येतात. कर्तव्य, स्वभाव आणि दान हे जुने अर्थ लोप पावलेले नाहीत. ते सामासिक शब्दांत आजही नांदत आहेत. म्हणूनच ज्ञानेश्वरीतील ‘स्वधर्म’ या शब्दाचा अनुवाद ‘स्वतःची श्रद्धाप्रणाली’ अशा अर्थाने केल्यास विवेचनाचा रोखच बदलतो. तेथे प्राधान्याने विहित कर्माचा विचार आहे.

‘मत’ या शब्दाची गती वेगळी आहे. मराठीत मत म्हणजे अभिप्राय, आणि निवडणुकीत दिले जाते तेही मतच. ‘चार्वाकमत’ किंवा ‘अद्वैतमत’ म्हणताना तात्त्विक भूमिका सुचते. तमिळ व मलयाळम या भाषांत मात्र याच शब्दाचे ‘मतम्’ हे रूप श्रद्धाप्रणालीचे रूढ नाव आहे. मलयाळममधील ‘मतम्’ मराठीत ‘मत’ म्हणून उतरवले, तर एका समाजाची ओळख व्यक्तीच्या अभिप्रायापुरती आकसते.

‘पंथ’ मराठीत बहुधा मोठ्या परंपरेतील शाखा दाखवतो : महानुभाव पंथ, नाथपंथ, तसेच शिया पंथ किंवा प्रॉटेस्टंट पंथ. पंजाबीत ‘पंथ’ म्हटले की समग्र शीख समुदाय उभा राहतो. एका भाषेत जो शब्द अंशाचा, तोच दुसरीत समग्राचा.

‘संप्रदाय’ या शब्दाच्या मुळाशी गुरूकडून शिष्याकडे परंपरेने आलेले देणे ही कल्पना आहे. वारकरी संप्रदाय, दत्त संप्रदाय, समर्थ संप्रदाय या नामांत आदरच आहे. मराठी वाङ्मयेतिहासात ‘सांप्रदायिक वाङ्मय’ ही वर्णनपर संज्ञा आहे. हिंदीत मात्र ‘सांप्रदायिकता’ हा धार्मिक समूहांतील वैरभावाचा वाचक झाला असून, ज्याला हिंदीत ‘सांप्रदायिक दंगा’ म्हणतात त्याला मराठीत ‘जातीय दंगल’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीतील निरुपद्रवी संज्ञा हिंदी वाचकापुढे जशीच्या तशी ठेवल्यास संतपरंपरेवर अकारण आरोप होतो.

या भेदाचे महत्त्व केवळ ग्रंथगत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या उद्देशिकेत आलेल्या विशेषणासाठी हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’, तर गुजरातीत ‘बिनसांप्रदायिक’ हे शब्द आहेत. मूळ तरतूद एकच. परंतु राज्याने कशापासून अलिप्त राहावे, याचे उत्तर प्रत्येक शब्द निराळे सुचवतो. राज्याने धर्माविषयी, म्हणजे कर्तव्याविषयी, उदासीन का असावे, हा आक्षेप ‘धर्म’ शब्दाच्या दुहेरी अर्थातूनच उद्भवतो. काही मराठी लेखकांनी ‘इहवादी’ हा पर्याय वापरला, त्याची पार्श्वभूमीही या अडचणीत शोधता येते.

याच्या उलट उदाहरण ‘धम्म’ या शब्दाचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध दीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथात त्यांनी रूढ धर्मकल्पना आणि धम्म यांतील भेद विस्ताराने मांडला. धम्माच्या केंद्रस्थानी ईश्वर नसून नीती आहे, ही त्यांची भूमिका होती. ‘धर्म’ आणि ‘धम्म’ हे एकाच शब्दाचे संस्कृत व पाली अवतार. तरीही आज मराठीत ते दोन स्वतंत्र शब्द आहेत. दलित आत्मकथनांच्या अनुवादात ‘धम्म’च्या जागी ‘धर्म’ आला, तर लेखकाने जाणीवपूर्वक केलेली निवडच पुसली जाते.

तात्पर्य, भक्तिसाहित्याचा वा आधुनिक सामाजिक लेखनाचा तौलनिक अभ्यास करताना व्युत्पत्तीबरोबर त्या त्या भाषेतील समास, कायद्याची परिभाषा आणि नित्याची बोली हेही पुरावे म्हणून समोर ठेवले पाहिजेत. ज्या समाजाच्या श्रद्धेविषयी आपण लिहितो, तो समाज स्वतःच्या मार्गाला कोणते नाव देतो, ही नोंद अनुवादापूर्वी होणे अगत्याचे आहे.