इजिप्तमध्ये अकरा कॅमेरे

(रेडिओवर प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

साताऱ्यात तीस-बत्तीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, मुलीच्या स्थळासाठी लागणारे फोटो, असं सगळं केलं. पुढे दुकान मुलाच्या हाती दिलं आणि आयुष्यभर मनात असलेली एक हौस भागवायची ठरवली. गेल्या जानेवारीत आम्ही अकरा जण केवळ फोटो काढण्यासाठी इजिप्तला जाऊन आलो. त्यात दोन डॉक्टर, एक निवृत्त शिक्षिका, बँकेतले तिघे, संगणकवाली तरुण मुलं आणि मी होतो. आज तुम्हाला तिथले पिरॅमिड, तिथला उजेड आणि तिथे माझ्या हातून झालेली एक चूक यांविषयी सांगणार आहे.

आधी उजेडाचं बोलू, कारण फोटो म्हणजे शेवटी उजेडच.

गिझाच्या तिन्ही मोठ्या पिरॅमिडांच्या बाजू पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशा मुख्य दिशांना अगदी काटेकोर लावलेल्या आहेत. खुफूचा मोठा पिरॅमिड साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. मुळात तो १४६ मीटरपेक्षा उंच होता, आता सुमारे १३८ मीटर उरला आहे. त्यात अंदाजे तेवीस लाख दगड आहेत असं सांगतात. पण फोटो काढणाऱ्याच्या कामाची गोष्ट म्हणजे त्याचा उतार. तो जवळजवळ ५२ अंशांचा आहे. कैरोत हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य चाळीस अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे उताराच्या कोनापेक्षा सूर्य खालीच राहतो आणि पिरॅमिडची उत्तरेकडची बाजू दिवसभर सावलीत राहते. प्रवेशद्वार नेमकं त्याच बाजूला! जानेवारीत तिथे उभं राहून फोटो काढला तर पिरॅमिड काळवंडलेला येतो आणि मागचं आकाश पांढरंफटक. दक्षिणेच्या बाजूला, वाळवंटात जरा लांब चालत गेलं की तोच पिरॅमिड मधासारखा दिसतो.

स्फिंक्सचं तसंच. सिंहाचं धड आणि माणसाचं डोकं असलेली ही ७३ मीटर लांबीची मूर्ती पूर्वेकडे तोंड करून बसली आहे. सकाळी तिच्या चेहऱ्यावर ऊन असतं. दुपारनंतर गेलात तर चेहरा अंधारात. आमच्या दोघा सोबत्यांनी सकाळ उंटावर बसण्यात घालवली. चढायला थोडे पैसे आणि उतरायला भरपूर, हा तिथला जुना हिशेब. ते पोचेपर्यंत स्फिंक्सचा चेहरा विझला होता.

आणखी एक गंमत सांगतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. म्हणून सोनेरी वाळू आणि उजळ चुनखडी फोटोत मळकट येते. आमच्यातल्या तरुणांना याचं फार नवल वाटलं. मला वाटलं नाही. पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घालून शेकडो आजोबा माझ्या स्टुडिओत बसून गेले आहेत. मीटरचं ऐकलं असतं तर सगळ्यांचे कपडे धुवायला टाकावे लागले असते! अशा वेळी मीटर सांगतो त्यापेक्षा थोडा जास्त उजेड आत घ्यायचा, एवढंच.

कैरोहून आम्ही दक्षिणेला लक्सरला गेलो. कर्नाकच्या देवळातल्या खांबांच्या दालनात १३४ खांब आहेत. मधले बारा तर सुमारे २१ मीटर उंच. तिथे आमच्या गाईडनं एक गोष्ट दाखवली, ती मी जन्मभर विसरणार नाही. दालनाच्या उत्तर भागात सेती पहिला याच्या काळातलं कोरीवकाम आहे. त्यात आकृत्या दगडातून वर उठून आल्या आहेत. दक्षिण भागात त्याचा मुलगा दुसरा रामसेस याच्या काळातलं काम आहे, तिथे आकृत्या दगडात खोल खोदल्या आहेत. खोल खोदण्यात एक शहाणपण आहे. उघड्यावरच्या भिंतीवर प्रखर ऊन पडतं, तेव्हा वर उठलेलं नाजूक काम सपाट दिसतं. खोदलेल्या रेघेच्या काठाची सावली मात्र आत पडते आणि आकृती काळ्या शाईनं काढल्यासारखी उठते. म्हणून इजिप्तमध्ये बाहेरच्या भिंतींवर बहुधा खोल कोरीवकाम आढळतं. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, या भिंतींचे फोटो घ्यावेत. उजेड कुठून येणार याचा विचार त्या पाथरवटांनी तीन हजार वर्षांपूर्वी करून ठेवला होता.

इजिप्तचं आणि फोटोग्राफीचं नातंही जन्मापासूनचं आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये या कलेची घोषणा झाली, तेव्हा अरागो या शास्त्रज्ञानं तिचा उपयोग सांगताना इजिप्तचंच उदाहरण दिलं होतं. तिथल्या देवळांवरची लाखो चित्राक्षरं हातानं उतरवायला वर्षानुवर्षं आणि माणसांच्या फौजा लागतील, हे यंत्र एकट्या माणसाला पुरेल, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी फ्रेंच मंडळी कॅमेरा घेऊन अलेक्झांड्रियात उतरलीसुद्धा. पुढे तुतानखामेनची कबर १९२२ साली सापडली, तेव्हा हॅरी बर्टन या छायाचित्रकारानं आत उजेड नेण्यासाठी विजेच्या दिव्यांबरोबर आरसेही वापरले आणि जवळच्याच ५५ क्रमांकाच्या कबरीत डार्करूम थाटली. आमच्या दुकानाची डार्करूम जिन्याखाली होती. तिची आठवण येऊन मला तिथे उगाचच भरून आलं.

पण या इतिहासातला एक किस्सा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १८४९-५० या काळात माक्सीम द्यू काँ हा फ्रेंच लेखक फ्लोबेअर या मित्राबरोबर इजिप्तमध्ये फिरला आणि त्यानं देवळांचे फोटो काढले. इमारत किती मोठी आहे ते कळावं म्हणून तो आपल्या नावेवरचा खलाशी हाजी इस्माईल याला मध्ये उभा करायचा. त्या काळी फोटोला बराच वेळ लागे, हललं की बिघडला. म्हणून द्यू काँनं त्याला सांगून ठेवलं होतं, की लेन्सची पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर गोळी सुटेल! हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. बिचारा हाजी इस्माईल श्वास रोखून उभा राहायचा. जगातल्या ग्रंथालयांत आज त्याचे फोटो आहेत, पण त्या फोटोंत तो माणूस म्हणून नाही, मोजपट्टी म्हणून आहे.

हा किस्सा गाईडनं आम्हाला कैरोत पहिल्याच संध्याकाळी सांगितला होता. आम्ही खूप हसलो. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून ती चूक झाली.

जुन्या कैरोत अल-मुइझ नावाचा रस्ता आहे. उत्तरेच्या बाब अल-फुतूह वेशीपासून दक्षिणेच्या बाब झुवैला वेशीपर्यंत साधारण एक किलोमीटर. दोन्ही वेशी अकराव्या शतकातल्या. मधे मशिदी, मदरसे, लाकडी जाळीच्या खिडक्या, तांब्याची दुकानं, आणि चहा पीत सोंगट्या खेळणारे म्हातारे. पावांनी भरलेली लांबलचक लाकडी फळी डोक्यावर तोलत सायकलवाला गर्दीतून जातो, तेव्हा हात आपोआप कॅमेऱ्याकडे वळतो. तिथे त्या गोल पावाला ‘ऐश’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ जगणं. २०११ साली तहरीर चौकात लोक जमले, तेव्हा त्यांच्या घोषणेतला पहिला शब्दही हाच होता.

बाब झुवैलाच्या पलीकडच्या गल्लीत काळ्या कपड्यांतली एक बाई हेच पाव आणि लिंबं विकायला बसली होती. वरच्या छताच्या फटीतून उन्हाची एक तिरीप नेमकी तिच्या चेहऱ्यावर पडली होती. असा उजेड स्टुडिओत चार दिवे लावूनही मिळत नाही. एकानं कॅमेरा उचलला. दुसऱ्यानं उचलला. बघता बघता अकराच्या अकरा कॅमेरे तिच्यासमोर. तिनं नको म्हणून हात वर केला. तो हात, ती सुरकुतलेली बोटं, मागचे डोळे... आणि त्याच क्षणी मी बटण दाबलं.

बाई उठून उभी राहिली आणि मोठ्यानं बोलू लागली. शेजारचे दुकानदार जमले. गाईडनं कसंबसं सगळ्यांना शांत केलं. ती काय म्हणाली, असं मी त्याला विचारलं. तो आधी सांगेना. मग म्हणाला, “ती विचारतेय, मी काय अबुल-होल आहे, कुणीही यावं आणि फोटो काढावा?” अबुल-होल म्हणजे स्फिंक्स. तिथले लोक त्याला याच नावानं ओळखतात.

मी कॅमेरा तिच्यासमोर धरला आणि तो फोटो पुसून टाकला. मग एकेक करत सगळ्यांनी पुसले. त्या रात्री हॉटेलात आमचा चांगलाच वाद झाला. “काका, एवढा खर्च करून आलो, रस्त्यावर बसलेल्या बाईचा फोटो घेतला तर काय बिघडलं?” असं एकानं विचारलं. त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. रस्त्यावरचं आयुष्य टिपणारे थोर छायाचित्रकार काही दर वेळी परवानगी मागत बसले नाहीत. मी म्हटलं, “बाबा, माझ्या स्टुडिओत माणूस आपल्या पायानं यायचा. आरशात बघायचा, माझ्याच कंगव्यानं भांग पाडायचा, मग स्टुलावर बसायचा. परवानगी त्यातच आली. म्हणून तीस वर्षांत मला कधी विचारावं लागलं नाही. आज पहिल्यांदा विचारायची वेळ आली आणि मी चुकलो.” शिक्षिकाबाई म्हणाल्या, “एक कॅमेरा पाहुणा असतो. अकरा कॅमेरे म्हणजे धाड.” हे मात्र सगळ्यांना पटलं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. २०२२ साली इजिप्त सरकारनं सार्वजनिक ठिकाणी हौशी फोटो काढायला मोकळीक दिली, पर्यटकांनाही. पण लहान मुलांचे फोटो घ्यायला मनाई आहे, आणि कुणाचा फोटो काढून प्रसिद्ध करायचा तर त्याची लेखी संमती हवी. सैनिकी ठिकाणांपासून कॅमेरा लांब ठेवावा, आणि परवानगीशिवाय ड्रोन तर नेऊच नये. कबरींच्या आत फ्लॅश चालत नाही. ‘बक्षीस’ हा आपला शब्द तिथे ‘बक्षीश’ म्हणून रोज कानावर पडतो. कबरीतला रखवालदार ते घेऊन फ्लॅशकडे काणाडोळा करायला तयार झाला, तरी आपण तयार होऊ नये.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघा-दोघांच्या जोड्या केल्या आणि दोन शब्द पाठ केले : “मुमकिन सूरा?” म्हणजे फोटो काढू का? हे शब्द परके नाहीत. मुमकिन आपल्याला हिंदी सिनेमातून ठाऊक आहे. आणि ‘सूरा’ ज्या अरबी धातूतून आला, त्यातूनच आपल्या घराघरांत टांगलेली ‘तसबीर’ आली. विचारल्यावर निम्मे लोक नाही म्हणाले. उरलेले हो म्हणाले, पण लगेच सावरून बसले, आणि तो सहजपणा गेला. हे नुकसान खरं आहे, ते मी लपवत नाही. त्यावर उपाय एकच सापडला, तो म्हणजे वेळ देणं. एका कहवाखान्यात मी दोन तास बसलो, चहा प्यायलो, मालकानं अमिताभ बच्चनची चौकशी केली. तासाभरानं माणसं मला विसरली आणि आपल्या सोंगट्यांत रमली. माझ्या पिशवीत हाताएवढा प्रिंटर होता. मालकाचा फोटो तिथल्या तिथे छापून त्याला दिला. त्यानं तो गल्ल्यामागच्या आरशाच्या चौकटीत खोचला. माझ्या दुकानातही आरशाच्या चौकटीत असेच फोटो खोचलेले असायचे.

परतीच्या आदल्या दिवशी नवं भव्य संग्रहालय पाहिलं. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याचं रीतसर उद्घाटन झालं. प्रवेशदालनात दुसऱ्या रामसेसचा सुमारे ११ मीटर उंचीचा पुतळा आहे. २००६ सालापर्यंत हा पुतळा कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकात मोटारींच्या धुरात उभा होता. आम्ही अकराही जणांनी त्याचे मनसोक्त फोटो घेतले. त्याला विचारायची गरज नव्हती.

संध्याकाळी मी एकटाच त्या गल्लीत गेलो. बाई जागेवरच होती. मी पाव मागितले. तिनं मला ओळखलं हे तिच्या डोळ्यांवरून कळलं. तिनं पाव मोजून दिले, सुटे पैसे परत केले आणि हलकीशी मान हलवली. कॅमेरा पिशवीतच होता, तिथेच राहिला.

आषाढीच्या वारीत माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात लोणंदला येते, तेव्हा मी दर वर्षी जातो. तिथेही एखादी थकलेली आजी सावलीला बसलेली असते आणि तिच्यासमोर आठ-दहा कॅमेरे असतात. त्यात इतकी वर्षं माझाही असायचा. यंदाही मी जाणार आहे, पण आधी तिच्याशेजारी जरा बसणार आहे. विचारायला तिथे परकी भाषाही शिकावी लागत नाही.